रशियन बुवांचा द्रुत

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी अण्णांचा रेकॉर्ड प्लेअर जागा व्हायचा, मग माणसं. हे सांगितलं की नातवंडांना वाटतं, आजी नेहमीसारखी वाढवून सांगतेय. वाढवून सांगायची सवय मला आहे, ती मी नाकारत नाही, पण हे अगदी खरं आहे. शुक्रवार पेठेत एका कापडदुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या. गिरणीचा भोंगा झाला की अण्णा उठत, अंघोळ करून ओल्या केसांनीच प्लेअरसमोर बसत आणि कुणातरी बुवांना भैरव किंवा तोडी गायला लावत. खाली दुकानाच्या फळ्या उघडल्याचा आवाज, मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांच्या मागांची खटखट, स्वयंपाकघरात अव्वा भाकरी थापतेय, आणि या सगळ्यावर बुवांचा षड्ज. अव्वा माहेरची अक्कलकोटकडची, घरी कन्नड बोलणारी, म्हणून आम्ही आईला अव्वाच म्हणायचो. तिला गाण्यातलं काही कळत नाही असं ती स्वतः सांगायची, आणि आम्ही सगळे ते बिनदिक्कत खरं मानायचो.

अण्णा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. दिवसभर पोती, पेट्या, सहीशिक्के. त्यातून सुटून घरी आले की हातपाय धुऊन पुन्हा प्लेअर. रेकॉर्ड ऐकायची त्यांची एक रीत होती. सतरंजी अंथरायची, जुन्या मलमलच्या धोतराच्या तुकड्यानं रेकॉर्ड पुसायची, पेटीवर सूर काढून प्लेअरचा वेग बारीक खटक्यानं त्या सुराला जुळवायचा, आणि मग मांडीवर हातानं ताल धरून डोळे मिटायचे. एका बाजूला विलंबित, उलटली की द्रुत. एकच राग, आधी सावकाश, मग चालीत. आमच्याकडच्या बहुतेक रेकॉर्डी अशाच होत्या, त्यामुळे उलटणं म्हणजे द्रुत, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. भाकरीची एक बाजू भाजली की दुसरी, तितकं ते सरळ होतं. आजही मला कुणी गाण्याची लांबलचक फाइल पाठवली की मधेच उलटायला काही नाही याची चुटपुट लागते.

अण्णांची काही काळ होटगीला बदली झाली होती. तिथे रेल्वेच्या जुन्या क्लबाचं एक कपाट रिकामं करायचं निघालं. साहेब लोकांच्या काळातली पुस्तकं, बॅडमिंटनची फाटकी जाळी, आणि तळाशी दोन मोठ्या रेकॉर्डींचा एक खोका. फेकून द्यायचंच होतं, म्हणून साहेबांना विचारून अण्णांनी तो घरी आणला. खोक्याला वाळवी लागलेली. चित्राचा एक कोपरा तेवढा उरला होता, त्यात बर्फातला रस्ता आणि काही रशियन अक्षरं. आतल्या इंग्रजी पत्रकाचाही बराच भाग वाळवीनं खाल्लेला. लढाईच्या दिवसांत लिहिलेली सिंफनी आहे, मोठा वाद्यवृंद आहे, एवढं अण्णांनी त्यातून लावलं. संगीतकाराचं नाव नेमकं वाळवीच्या पोटात गेलं होतं. रेकॉर्डींच्या मधल्या गोल कागदांवर क्लबानं आपले शिक्क्याचे कागद चिकटवलेले, त्यांवर फक्त एक आणि दोन. नाव नाही तर हाक कशी मारायची? अण्णा म्हणाले, आपले रशियन बुवा. तेच नाव पडलं. पुढे मला त्यांचं खरं नाव कळलं, त्यांची इतर कामंही मी मिळवून ऐकली, पण आमच्या घरात ते शेवटपर्यंत बुवाच राहिले.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरले होते. एवढी माणसं एकदम वाजवतात हेच मला माहीत नव्हतं. आमच्या कानाला एक गळा, एक पेटी, एक तबला यांची सवय, आणि इथे अचानक पन्नास व्हायोलिनं एका दमात पुढे सरकत होती. त्यांतली पितळी वाद्यं थरथरायची, सनईवाला सूर लावताना जसा हलवतो तशी. खरखर तर होतीच. तिसऱ्यांदा-चौथ्यांदा ऐकलं तेव्हा एका अगदी हळू जागेवर सभागृहात कुणीतरी खोकल्याचं ऐकू आलं, आणि आतून अव्वा म्हणाली, त्याला कुणीतरी आल्याचा काढा द्या. त्या खोकल्यानं माझी भीती गेली. थंडीत कुठल्यातरी गावी लोक कोट घालून बसलेत, लढाई पाहून आलेली माणसं वाजवतायत, आणि एकाला खोकला आवरत नाहीये, असं मला दिसू लागलं. नातवानं परवा हीच सिंफनी फोनवर नव्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकवली. स्वच्छ आहे, सगळी वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात, वाजवणारे उत्तम आहेत. मी छान म्हणाले आणि मनात म्हटलं, बाबांनो, तुम्हाला कुणाचंच काही झालेलं नाही. जुन्या वादकांचे सूर कुठे कुठे खडबडीत आहेत, पण ते जीव तोडून वाजवतायत हे कळतं. मला तेच लागतं.

आम्ही ऐकायचो ते अर्थात आमच्या रीतीनं. पहिली रेकॉर्ड, तिची पुढची बाजू: सावकाश सुरुवात, मग एक छोटा ढोल सुरू होतो आणि वाढत जातो. उलटली: पितळी वाद्यांचा कडकडाट, मोठा विजय. अण्णा म्हणायचे, हा द्रुत. मग दुसरी रेकॉर्ड: पुन्हा तो ढोल, मग खूप गोंधळ, आणि उलटल्यावर अतिशय हळू, रडवेलं असं काहीतरी, जे एका सुरावर लटकत थांबतं. संपलं. अण्णांनी त्याचा अर्थ लावला होता. बुवा आधी जिंकतात आणि मग मेलेल्यांसाठी रडतात, म्हणून ते थोर. सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. मलाही तो अर्थ फार आवडायचा.

तो आवडत नव्हता वकीलसाहेबांना. गावातल्या संगीत मंडळाचे ते अध्यक्ष. गाण्याची खरी जाण असलेला माणूस, पण जाण आहे हे समोरच्याला विसरू देत नसत. आमच्याकडे चहाला आले की अण्णा हौसेनं रशियन बुवा लावायचे आणि वकीलसाहेब शेवटपर्यंत सभ्यपणे ऐकून घ्यायचे. मग मंडळात जाऊन सांगायचे की अण्णांचा बॅंड सुरुवातीलाच लढाई जिंकतो आणि उरलेला वेळ रडत बसतो, ना आकार ना विस्तार. लोक हसायचे. बॅंडवाले अण्णा हे नाव पेठेत पसरलं. भाजीवालीसुद्धा मला बॅंडवाल्यांची पोरगी म्हणायची. अण्णा वरवर हसायचे, पण मंडळाच्या बैठकींना जाणं त्यांनी कमी केलं, आणि ज्या माणसाला गाण्याशिवाय दुसरा विरंगुळा नाही त्याच्यासाठी ही केवढी शिक्षा होती ते मी बघत होते. मला वकीलसाहेबांचा मनस्वी राग यायचा. तो आता गेला, पण तेव्हा चांगला तेजीत होता.

आणि मग एक दिवस वकीलसाहेबच निरोप घेऊन आले. मंडळाच्या उत्सवात एक संध्याकाळ मोकळी आहे, अण्णांनी आपली विलायती रेकॉर्ड सगळ्यांना ऐकवावी, समजावून सांगावी. चेष्टा होती की मोठेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णांनी मात्र ते दोन्ही हातांनी झेललं. ऑफिसातून आले की आरशासमोर उभे राहून काय बोलायचं ते घोकायचे. इतक्या वर्षांचं हसू पुसून टाकायची ती एकच संधी होती, आणि ती ते सोडणार नव्हते.

त्याच आठवड्यात एका दुपारी अव्वा शेंगांची चटणी कुटत होती. सोलापुरात ही चटणी उखळातच व्हायला हवी, मिक्सरमधली ती भुकटी. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, आणि तेल सुटेपर्यंत मुसळ. मी बाहेर रशियन बुवा लावले होते. ढोल सुरू झाला की अव्वाचं मुसळ आपोआप त्याच्या चालीवर पडायचं, हे तिच्याही लक्षात नसायचं. पुढची बाजू संपली. मी रेकॉर्ड काढली, तेवढ्यात खालून दुकानदारानं काहीतरी विचारलं, मी खिडकीतून त्याला उत्तर दिलं, आणि परत येऊन नजरचुकीनं दुसरी रेकॉर्ड लावली. आत मुसळ चालूच होतं. ढोल सुरू झाला तो थेट त्या मुसळाच्या चालीतच. मी चूक सुधारायला उठले, तर आतून अव्वा बोलली, "राहू दे की. रोज हितं माझा हात चुकतोय. आज न्हाय चुकला."

मी तशीच उभी राहिले. पुढची बाजू संपताना ढोल चालू असतो, तो थांबत नाही, नुसता कापला जातो. आम्ही उलटून कडकडाट लावायचो आणि बिचाऱ्या ढोलाचं पुढे काय होतं ते विचारायचोच नाही. तो दुसऱ्या रेकॉर्डीत पुढे चालू राहतो. मग मी दुसरी रेकॉर्ड उलटली. ते रडणं, तो लटकलेला सूर. तो संपला आणि मी पहिल्या रेकॉर्डीची मागची बाजू लावली. त्या लटकलेल्या सुरातूनच कडकडाट उठला. बुवा जिंकून रडत नव्हते. ते रडून उठत होते, आणि मग जिंकत होते. आम्ही त्यांचा शेवट इतकी वर्षं दुसऱ्या नंबरला वाजवत आलो होतो.

संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं की उलटी बाजू सोडून दुसरी रेकॉर्ड लावायची असली वेडगळ रचना जगात कोण करील. मी अव्वाच्या मुसळाचं सांगितलं. झालं, ते आणखी चिडले. मंडळासमोर काय सांगू, म्हणाले, माझ्या बायकोनं चटणी कुटून ठरवलं म्हणून? अव्वा दारात उभी होती. त्या रात्री अण्णांच्या ताटात चटणी आली नाही. मला त्यांच्या चिडण्याचं कारण कळत होतं. माझं खरं असेल, तर जिंकून रडणारे थोर बुवा ही अण्णांनी लाडानं वाढवलेली कल्पना खोटी. आणि माझं खोटं असून त्यांनी ऐकलं, तर भर सभेत फजिती. दोन्हीकडून नाक त्यांचंच कापलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी काढली. अण्णांचा विश्वास होता सुरावर, तर सुरानंच बोलावं. पहिल्या बाजूच्या शेवटी ढोलाखाली मोठी तंतुवाद्यं एकच सूर धरून असतात. मी अण्णांना समोर आणि अव्वाला भात्याशी बसवलं, प्लेअर पेटीला जुळवला, आणि तो सूर आला तशी पेटीची ती पट्टी दाबून तिच्या फटीत कागदाची घडी खोचली, म्हणजे पट्टी वर येणार नाही. बाजू संपली. अव्वा भाता मारत राहिली, पेटी तोच सूर देत राहिली, आणि मी रेकॉर्ड उलटून लावली. कडकडाट पेटीशी असा भांडला की अण्णांनी कानावर हात ठेवला. मग मी ती काढून दुसरी लावली. ढोल आला, त्याखाली तंतुवाद्यं आली, आणि पेटीचा सूर त्यांच्यात असा मिसळला की पेटी वाजतेय की नाही ते कळेना. अव्वा भाता मारायची थांबली. काही फरक पडला नाही.

अण्णा उठले. चपला घातल्या आणि रशीदचाचांकडे गेले, मलाही चल म्हणाले. रशीदचाचा अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावण्याचा त्यांचा धंदा. उत्सवातही त्यांचेच कर्णे असणार होते. अण्णांनी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं की असं असू शकतं का. चाचा दाढी खाजवत म्हणाले, "हौ की अण्णा. होटगी के क्लब में वो मशीन मैं देखा ना. बीच में लंबी दांडी, ऊपर रेकॉर्डां का ढेर. एक बजी की दूसरी उसके ऊपर गिरती. सब बजे की पूरा ढेर उल्टा रखने का." मी मनातल्या मनात ढीग करून पाहिला. आधी पहिलीची पुढची बाजू, तिच्यावर दुसरीची. मग सगळं उलटं: दुसरीची मागची, शेवटी पहिलीची मागची. रचना वेडगळ नव्हती, आमच्याकडे ते मशीन नव्हतं एवढंच. परत येताना अण्णा वाटभर एक अक्षर बोलले नाहीत. उत्सवापर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आरशासमोरचं भाषणही बंद झालं. मी विचारायला गेले की हातातलं वर्तमानपत्र वर करायचे. ते काय ठरवतायत हे कळत नसल्यानं माझा जीव टांगणीला लागला होता.

ती संध्याकाळ एका शाळेच्या सभागृहात होती. खुर्च्या पहिल्या दोन रांगांना, मागे सतरंज्या. मला वाटलं होतं कुणी फिरकणार नाही, पण बॅंडवाल्या अण्णांची गंमत बघायला निम्मी पेठ आली होती. मंडळाचे गवई, तबलजी, शाळामास्तर, आमच्या गल्लीतले विणकर आणि त्यांच्या बायका. अव्वा धुवट इरकल नेसून बायकांत बसली होती. वकीलसाहेब मधल्या खुर्चीवर, पायावर पाय टाकून. अण्णा उभे राहिले. घोकलेल्यातलं काही न बोलता त्यांनी एवढंच सांगितलं की आधी ऐका, बोलायचं ते मागाहून बोलू. आणि सुई ठेवली.

पहिली बाजू संपली. ढोल कापला गेला. ज्यांनी आमच्या घरी ऐकलं होतं त्यांना पुढचं ठाऊक होतं. वकीलसाहेबांनी शेजारच्याला हळूच काहीतरी सांगितलं आणि तो हसला. अण्णांच्या हातात रेकॉर्ड होती. ती ते उलटवतील की खाली ठेवतील? अण्णांनी सभागृहाकडे पाहिलं, मग रेकॉर्ड अगदी हलक्या हातानं तिच्या पाकिटात घातली आणि दुसरी काढली. वकीलसाहेबांचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

ढोल पुढे चालू झाला. चाचांनी कर्ण्यांऐवजी दोन मोठे लाकडी स्पीकर आणले होते, त्यांतून तो जमिनीतून यावा तसा येत होता. आमच्या विणकरांच्या माना पहिल्यांदा हलायला लागल्या. मग गोंधळ, मोडतोड, आणि रेकॉर्ड उलटल्यावर ते रडणं. हे आम्ही शेकडो वेळा ऐकलं होतं, पण शेवट म्हणून. आता पुढे काहीतरी आहे हे ठाऊक असल्यानं ते निराळंच लागत होतं, त्यात वाट बघणं होतं. लटकलेला सूर आला. अण्णांनी रेकॉर्ड बदलली ती इतक्या चपळाईनं की सूर अजून सगळ्यांच्या कानातच होता, आणि कडकडाट झाला.

काय सांगू तुम्हाला! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला तो आता लिहितानाही येतोय. थरथरती पितळी वाद्यं, त्यांच्यामागून धावत आलेली व्हायोलिनं, खरखर, सगळं एकदम वर चढत गेलं. तबलजींच्या तोंडून मोठ्यानं वा निघाली. मागून दुसरी आली. शेवटाकडे सगळा वाद्यवृंद एकाच सुरावर येऊन थांबेना, पुन्हा पुन्हा तोच ठोसा, आणि मी पाहिलं, वकीलसाहेबांचा पाय खाली आला होता आणि त्यांचा हात गुडघ्यावर ताल धरत होता. अंगात बळ आल्यासारखे सगळे ताठ बसले होते. शेवटचा ठोसा पडला. सुई मधल्या खाचेत फिरत राहिली, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

वकीलसाहेब उठून उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "अण्णा, तुमच्या घरी ऐकलं ते हे नव्हे. हे मी पहिल्यांदा ऐकतोय. आणि इतकी वर्षं मी तुमच्या बुवांना रडके म्हणत आलो."

अण्णा म्हणाले, "तुमची चूक नाही, साहेब. मी त्यांचा द्रुत आधी वाजवून टाकत होतो. मागची बाजू म्हणजे द्रुत, दुसरं काही सुचलंच नाही. हे पकडलं ते माझ्या बायकोच्या हातानं आणि माझ्या पोरीच्या, शकूच्या, कानानं. मी नुसता अडून बसलो होतो."

सगळ्या सभागृहाच्या माना वळल्या. आमच्या घरात कुणी कुणाची स्तुती तोंडावर करायची पद्धत नव्हती. बायकांत अव्वानं पदर सावरला आणि सगळ्यांकडे असं बघितलं की यात नवल ते काय. मला मात्र हसू आणि रडू एकदमच येत होतं, आणि अभिमानानं छाती फुटेल की काय असं वाटत होतं. आयुष्यात पुढे मला बऱ्यापैकी मान मिळाला, आकाशवाणीवर बोलले, पोरांना ऐकायला शिकवलं. त्या वाक्याच्या तोलाचं पुन्हा काही वाट्याला आलं नाही.

वकीलसाहेब पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग आता सुरुवातीपासून होऊ द्या. आम्हाला सगळंच नव्यानं ऐकायला हवं."

जेवणाची वेळ टळत आली होती, पण कुणी उठलं नाही. अण्णांनी मला वर व्यासपीठावर बोलावलं. मलमलचा तुकडा माझ्या हातात दिला, आणि पायऱ्या उतरून खाली गेले, खुर्च्या ओलांडून, थेट मागे सतरंजीवर, विणकरांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि डोळे मिटून घेतले. मी रेकॉर्ड पुसली आणि सुई ठेवली.